हंडीतली घंटा

पंपकाकांवर मी दोन वर्षं रागावून होते, हे आधीच सांगून टाकते. कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते सहायक आणि मी शिकवणारी. पाठीमागून हाक मारली तर हा माणूस वळून बघायचा नाही. तीन हाका, चार हाका झाल्या की मी तणतणत त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहायची. मग ते हसून म्हणायचे, "बोला मॅडम." कानाडोळा करण्यालाही काही हद्द असते, असं मी स्टाफरूममध्ये दहादा तरी बोलून दाखवलं होतं.

बाकी कामाला माणूस चोख. वडील गवंडी, स्वतःचं शिक्षण दहावी. पहिली नऊ वर्षं कॉलेजच्या जनरेटरच्या खोलीत काढली, त्या धडधडीत. मग प्रयोगशाळेत आले आणि अठरा वर्षांत तिथल्या एकूण एक भिंगाशी आणि स्क्रूशी त्यांनी ओळख करून घेतली. वर्षभर ते मागेच असायचे. पुढे यायचे ते फक्त निर्वात हंडीच्या प्रयोगाला, म्हणून पोरांनी त्यांचं नाव पंपकाका पाडलं.

प्रयोग तसा साधा. काचेच्या मोठ्या हंडीत बॅटरीवर वाजणारी घंटा टांगायची आणि हातपंपाने आतली हवा ओढून काढायची. हवा विरळ होत जाते तसा आवाज बारीक होत जातो. शेवटी हातोडी घंटेवर आपटताना दिसते, पण ऐकू काही येत नाही. आवाजाला हवा लागते, उजेडाला लागत नाही. यात काकांनी स्वतःची भर घातली होती. वडिलांचा ओळंबा, म्हणजे भिंत सरळ आहे का ते बघायचं दोरीला बांधलेलं वजन, ते घंटेशेजारी लटकवायचे.

"हवा गेली," काका पोरांना म्हणायचे, "पण हा वर तरंगायला लागला का? सरळच आहे ना? म्हणजे जमिनीची ओढसुद्धा हवेच्या भरवशावर नाही."

पुढचं सांगायचं काम माझं. लाटेला पाणी लागतं तसं प्रकाशालाही काहीतरी लागणारच, असं एके काळी भलेभले शास्त्रज्ञ धरून चालले होते. अवकाशभर एक अदृश्य पदार्थ भरलेला असणार म्हणाले, त्याचं ईथर असं नावही ठेवून झालं. नाव ठेवलं, पण ती वस्तू काही कुणाला सापडली नाही. गुरुत्वाकर्षणाचंही तेच. समजा सूर्य एकाएकी नाहीसा झाला, तर आपल्याकडे अंधार आणि ओढ सुटल्याची खबर दोन्ही बरोबरच पोचतील, आठेक मिनिटांनी, मधल्या पोकळीतून. तोवर आपण आपले निवांत फिरत राहू.

यंदा विभागप्रमुखांच्या डोक्यात आलं की हा खटाटोप बंद करावा आणि पोरांना चित्रफीत दाखवावी. काकांना रेकॉर्डच्या खोलीत बसवावं. "निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत, तिथे आरामात बसतील," असं सर म्हणाले. काकूंनी मला गाठून सांगितलं, दोन दिवस घरात नीट जेवलेले नाहीत, नुसता तो ओळंबा घासत बसतात. मी सरांकडे गेले. "बघतो एकदा प्रयोग, मग ठरवू," ते म्हणाले आणि प्रयोगाच्या दिवशी येऊन शेवटच्या बाकावर बसले.

काकांनी घंटा सुरू केली आणि दांडा ओढायला लागले. एरवी चाळीसेक ओढी लागतात. त्या दिवशी बाराव्या ओढीलाच दांडा जड झाला. काकांचा चेहरा खुलला.

"गेला बघा आवाज!" ते म्हणाले.

घंटा खणखणीत वाजत होती.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. पहिल्या बाकावरची मुलगी फिसकन हसली. काकांना वाटलं, दरवर्षीसारखी गंमत वाटून हसतेय. ते उत्साहाने पुढे बोलत राहिले, "पण हातोडी दिसतेय ना? म्हणजे उजेड पोचतोय! त्याला कुणाचा हात धरावा लागत नाही!"

"अहो, पण घंटा वाजतेय!" सर मागून ओरडले. काकांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. ते ओळंब्याकडे बोट दाखवत होते.

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. पाठीमागून मारलेल्या सगळ्या हाका आठवल्या. त्यांचे कान जाऊन किती दिवस झाले होते कोण जाणे, आणि रोज शेजारी वावरणाऱ्या मला त्याची खबर आत्ता लागत होती. मला माझीच लाज वाटली. मी पुढे गेले, त्यांचा हात धरला आणि तळवा हंडीच्या काचेवर टेकवला.

काच थरथरत होती. काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग खाली वाकले. पंप आणि हंडी यांच्यामधल्या नळीची तोटी बंदच होती. पंपाने ओढली ती फक्त नळीतली हवा. अशी चूक कुणाच्याही हातून होते, मीही केलेली आहे, पण घंटा वाजत राहिली की तोंडातल्या तोंडात स्वतःला शिवी घालून आपण तोटी उघडतो.

काका उभे राहिले. वर्गाकडे तोंड करून त्यांनी सरळ सांगून टाकलं, "पोरांनो, तोटी उघडायची राहिली. कानांनी ऐकलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. मला ऐकू येत नाही. चार वर्षं झाली. समोरच्याचे ओठ बघून समजून घेतो. दांडा जड झाला की आवाज गेला, एवढ्यावर मी आतापर्यंत भागवलं." मग त्यांनी तोटी उघडली. "आता मला तुम्हीच सांगा. आवाज येतोय तोवर हात वर ठेवा. गेला की खाली."

सगळे हात वर गेले. माझाही गेला. दांडा पुन्हा वरखाली होऊ लागला. विसाव्या ओढीला मागच्या बाकांवरचे हात खाली आले. सरांचाही आला, पण ते उठून चार बाकं पुढे येऊन बसले आणि त्यांनी हात पुन्हा वर केला. मग मधली बाकं. मग सरांचा दुसऱ्यांदा. शेवटी पहिल्या बाकावरच्या मुलीचा एकच हात उरला. ती मान पुढे काढून, डोळे मिटून ऐकत होती. अठ्ठेचाळिसाव्या ओढीला तोही खाली आला.

काका दांडा धरून तसेच उभे राहिले. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांना आवाज जाताना कळला होता.

"गेला," ते हळूच म्हणाले.

हंडीत हातोडी आपटत होती आणि ओळंबा सरळ होता.

तास संपल्यावर सामानाच्या खोलीत मी त्यांच्या समोर उभं राहून विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"आवाज गेला की नाही हे ज्याला कळत नाही, त्याला ही घंटा कोण वाजवू देईल, मॅडम?"

ते वळून हंडी पुसायला लागले. तेवढ्यात सर दारात आले.

"दुसऱ्या तुकडीला कधी दाखवताय?" त्यांनी काकांच्या पाठीकडे बघत विचारलं.

काका पुसत राहिले. मी सांगायला तोंड उघडलं, पण सरांनी हातानेच मला थांबवलं. टेबलाला वळसा घालून ते काकांच्या समोर येऊन उभे राहिले, काकांनी मान वर करेपर्यंत थांबले आणि तोच प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला.