सगळ्यात मोठी सॅक

"तुमच्यात ओझ्याची सवय असते," सर म्हणाले आणि मी हसलो.

हे हसणं आधी सांगतो, कारण बाकीचं सांगताना मला राग येतो आणि हे सांगताना लाज वाटते. पन्हाळ्यावर, तटाखाली, सकाळची वेळ. कॉलेजची वीस पोरं भोवती उभी. विशाळगडापर्यंत चालत जायचं होतं. माझ्या सॅकमध्ये सगळ्यांच्या सतरंज्या, ताडपत्री आणि कुणाकुणाचे जादा बूट कोंबलेले. तरी जागा उरली होती, म्हणून भाताचं पातेलं घेऊन मीच पुढं आलो. सरांनी ते माझ्या हातातनं काढून घेतलं. "हे तुझ्यात नको." मग ते सवयीचं वाक्य. आवाज चढवला नाही. उलट शाबासकीची थाप मारायला हात उचलला आणि ती सॅकवरच मारली.

मी हसलो. दात दाखवून.

ती सॅक मी खुशीनं घेतलेली. चार दिवसांपूर्वी कोल्हापुरात, जिमखान्याच्या खोलीत, लष्कराच्या मोडीतल्या कॅनव्हासच्या सॅकांचा ढीग पडला होता. बहात्तरच्या दुष्काळानंतरचं वर्ष. आमच्या कोडोलीच्या बौद्धवाड्यातनं कॉलेजात पोचलेला मी पहिला, सहलीला निघालेला तर पहिलाच. "पाठीला लावून बघा, बसेल ती घ्या," सर म्हणाले. पोरं ढिगावर तुटून पडली. मी एक मधली उचलली. पाठीला अशी नीट बसली की काढूच नये वाटलं. सर म्हणाले, "ती ठेव. तुला ही." कोपऱ्यातली सगळ्यात मोठी, कमरेच्या खाली लोंबणारी. मला वाटलं, धावण्याच्या शर्यतीत मी पहिला आलो होतो, त्याचा हा मान. खरंच वाटलं. एवढा मी खुळा. मधली ढिगात ठेवली आणि "थँक्यू सर" म्हणालो.

कोडोलीत एसटीतनं उतरल्यावर मुद्दाम लांबच्या वाटेनं घरी गेलो, रिकामी सॅक पाठीला लावून. चार माणसांनी बघावं म्हणून. आई कौतुकानं पट्टे चाचपत बसली. आबा, माझे वडील, उंबऱ्यावर होते. धर्मांतर होईपर्यंत त्यांनी गावची तराळकी केली. गावात आलेल्या साहेबाचं सामान उचलायचं आणि पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत पोचवायचं. साहेब मोकळ्या हातानं पुढं, हे ओझं घेऊन मागं. छप्पन्न साली त्यांनी ते काम टाकलं, तर गावानं कितीतरी दिवस त्यांना मजुरीला बोलावलं नाही.

आबांनी सॅक खालून वर बघितली.

"बाकीच्या पोरांच्या केवढ्या हायत?"

"ल्हान."

"मग तुझीच का एवढी?"

"मला मान दिलाय, आबा."

"तुझं सामान किती? एक चादर, दोन कापडं. उरल्याल्या जागंत काय घालणार हायत?"

मी भडकलो. "तुमास्नी काय कळतंय कॉलेजातलं? ओझी वाहिल्याबिगर दुसरं काय केलंय तुमी?"

हे मी बोललो. माझ्या बापाला. आबा उठले आणि शेळीला पाला टाकायला गेले. आईनं पट्ट्यावरचा हात काढला. सरांचं वाक्य मला आजही जिव्हारी लागतं, पण माझं वाक्य त्याहून वाईट. सरांना मी कोण होतो? आबांचा तर मी पोरगा होतो.

म्हसाईच्या पठारावर पट्ट्यांनी खांदे सोलले. पोरं शिट्ट्या मारत पुढं. मी मागं पडलो की सर ओरडायचे, "चल रे, ताडपत्री!" माझं नाव नाही, ताडपत्री. दोनदा मी "आलो सर" म्हणालोसुद्धा.

दुपारी एका वाडीत थांबलो. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं अंगणात घोंगडं टाकलं. "या पावणं, टेका जरा." घरातनं पाण्याचे तांबे आले. मी सगळ्यांच्या मागनं, वाकत वाकत पोचलो. म्हाताऱ्यानं मला न्याहाळलं आणि सरांना विचारलं,

"गुरुजी, ह्यो तराळ कुठनं आणलासा?"

पोरं फिस्सकन हसली. मी सरांकडं बघितलं. 'माझा विद्यार्थी आहे,' एवढंच म्हणायचं होतं त्यांनी. सरांनी सावकाश पाणी संपवलं, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "आमच्याबरोबरच आहे."

लाजेनं माझे कान तापले. म्हाताऱ्याचं काय चुकलं? सगळी हयात त्यानं तराळ बघितले होते, दिसला तसा ओळखला. कॉलेजात शिकून मलाच मी ओळखू आलो नव्हतो. आबांना एका नजरेत कळलं होतं, आणि मी त्यांनाच अडाणी ठरवलं होतं.

मी सॅक उतरवली आणि अंगणात उपडी केली. सतरंज्या, बूट, ताडपत्री, सगळं धुळीत. त्यातनं माझी चादर आणि कापडं वेगळी काढली, गाठोडं बांधलं.

"हे काय चाललंय?" सर उठले.

"ज्याचं त्यानं घ्यावं, सर."

"उद्धटपणा करतोस? आत्ताच्या आत्ता घरी पाठवीन."

"मी जाणार न्हाय. सहल माझीबी हाय."

मी गाठोडं बगलेत मारलं. मग एकेक जण आला, आपापली सतरंजी झटकून घेऊन गेला. ताडपत्रीला कुणी हात लावेना. शेवटी दोघांनी ती काठीला अडकवून नेली. जेवणाच्या वेळी मी पंगतीत मधोमध बसलो. शेजारचे दोघं सरकले. तरी उठलो नाही. विशाळगडापर्यंत कुणी माझ्याशी बोललं नाही, आणि मी विशाळगडापर्यंत चाललो.

आबांना मी यातलं काहीच सांगितलं नाही. सांगायचं तर आधी माफी मागावी लागली असती, आणि ती हिंमत मला फार उशिरा आली.

सरांनी माझ्याकडनं लेखी माफीनामा मागितला. त्यांना मात्र तो दिला नाही. पुढच्या वर्षी सहलीसाठी नाव नोंदवलं. फळ्यावर यादी लागली, त्यात मी नव्हतो. सर समोर उभे होते. मी खडू उचलला आणि यादीखाली माझं नाव लिहिलं, आडनावासकट, ठळक.

सरांनी डस्टर हातात घेतलं.

"पुसा सर," मी म्हणालो. "मी परत लिहितो."