मत मागायचं तर आधी पाणी प्या

बायनाबाईला नगर पंचायतीबद्दल काही विचारू नये. विचारलंच तर खुर्ची घेऊन बसावं, कारण उभ्यानं ऐकून संपत नाही.

“ग्रामपंचायत होती तवा डुकरं होते, नाल्या तुंबून होत्या. आता नगर पंचायत झाली. डुकरं तेच, नाल्या त्याच, घरपट्टी तेवढी वाढून राह्यली.” हे तिचं सुरुवातीचं वाक्य. मग ती एकेका नगरसेवकाला हातात घेते. एक जण निवडून आल्यावर फक्त स्वतःच्या वाढदिवसाच्या बॅनरवर दिसला. दुसऱ्यानं मोहल्ल्यात ओपन जिम बसवून दिली. तिच्या दांड्यांवर आता बाया वाकळा वाळत घालतात. “कामाची चीज आणली पोरानं,” बायनाबाई म्हणते, “वाळवणाले जागाच नव्हती आमाले.”

मी तिचा शेजारी. एस.टी.त कंडक्टर होतो. जन्मभर लोकांवर खेकसलो, निवृत्त झाल्यावर ऐकून घ्यायची सवय मला बायनाबाईनं लावली. आमचं गाव मूल शहराकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं, तालुक्याचं. चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, त्यापलीकडे जंगल. ऐंशीच्या घरातल्या या बाईनं अर्धं आयुष्य राईस मिलमध्ये धान पाखडण्यात घालवलं. गुडघे गेलेत, आवाज तस्साच आहे.

तिच्या राजकारणाची सुरुवात मात्र नगर पंचायतीपासून होत नाही. ती होते विहिरीपासून.

बायनाबाई लग्न होऊन आली तेव्हा धर्मांतराला थोडी वर्षं झाली होती. मोहल्ल्यानं घरातले देव नदीत सोडले होते, पंचशील म्हणायला सुरुवात केली होती, पण पाण्यासाठी अजून गावच्या विहिरीशी जाऊन लांब उभं राहावं लागायचं. कोणाला दया आली तर तो वरून घागरीत ओतणार. तिचा नवरा रामाजी तापट माणूस. एका उन्हाळ्यात त्यानं आणि मोहल्ल्यातल्या माणसांनी सरकारी पडीक जागेत विहीर खोदायला घेतली. पुरुष खाली खोदत होते, बाया माती वर ओढत होत्या. हातावरची हळद पुरती गेली नव्हती आणि ही नवरी दोर ओढत होती. पाणी लागलं त्या दिवशी म्हातारी माणसं लहान मुलांसारखी रडली, असं ती सांगते. 

पुढं ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. गावचा मालगुजार, म्हणजे मोठा जमीनदार, मत मागायला मोहल्ल्यात आला. रामाजीनं बायकोला खूण केली, तिनं विहिरीतून ताजं पाणी शेंदून लोटा पुढं केला. मालगुजारानं लोट्याकडं पाहिलं आणि म्हणाला, “आत्ताच पिऊन आलो ना बाप्पा.”

“मंग मतंही तिथीच भेटतीन, मालक,” रामाजी म्हणाला.

त्या वेळी मालगुजार आपटला. पुढच्या निवडणुकीत आला तो थेट विहिरीवर गेला, जोडे काढले आणि ओंजळीनं पाणी प्याला. तेव्हापासून मोहल्ल्याचा रिवाज पडला. मत मागायचं तर आधी पाणी प्या, मग तोंड उघडा. पक्ष कोणताही असो. पाणी शेंदणार बायनाबाई, आणि उमेदवार पिताना त्याच्या तोंडाकडं बघणार सगळा मोहल्ला. कोण घटाघटा पितो, कोण ओठ ओले करून लोटा ठेवतो, यावर संध्याकाळी विहिरीवर बायांची चर्चा बसायची आणि मोहल्ल्याचं मत तिथंच ठरायचं. एका उमेदवारानं तर आवेशात तीन लोटे रिचवले. बाया म्हणाल्या, हा जास्तच तहानलेला दिसते, याले नको.

काय दिवस होते ते! मी लहान होतो. विहिरीवर दिवसभर रहाटाची करकर, बायांची भांडणं, भांडणं मिटली की हसणं. कोणाच्या घरी पाहुणा आला, कोणाची पोरगी बाळंतपणाला आली, हे पाण्याबरोबर घरोघर पोचायचं. आता मोहल्ल्याचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यावर सकाळी सगळे एकमेकांना फुलं पाठवतात, आणि शेजारचा माणूस आजारी असल्याचं तो दवाखान्यातून परतल्यावर कळतं. मला या ग्रुपचा मनस्वी राग आहे. तरी मी तो सोडलेला नाही.

नळ आले, मग कॅनचं थंड पाणी आलं. विहीर मागं पडली, रिवाज मात्र राहिला. उमेदवार आला की लोटा पुढं व्हायचाच. फोटो चांगला येतो म्हणून उमेदवारच हल्ली घाई करू लागले होते.

मागच्या निवडणुकीत मोहल्ल्यानं आपलाच पोरगा उभा केला. अश्वजित. शिकलेला, शांत, बायनाबाईच्या मांडीवर खेळलेला. “घरच्या पोराले काय पाणी पाजाचं,” म्हणून तिनं त्याला लोटा न देताच मत दिलं. तो निवडून आला आणि त्यानं खरोखर काम काढलं. मोहल्ल्यातली पोरं-पोरी पोलीस भरतीचा, तलाठ्याचा अभ्यास विहाराच्या ओसरीवर दाटीवाटीनं बसून करतात. त्यांच्यासाठी त्यानं अभ्यासिका मंजूर करून आणली. जागा मात्र एकच शिल्लक होती. विहिरीची. विहीर बुजवून तिथं अभ्यासिका.

मोहल्ला पेटला. ज्यांनी विहिरीत वर्षानुवर्षं डोकावलं नव्हतं तेही छाती पुढं काढून बोलू लागले. आमच्या बापजाद्यांची विहीर, आमच्या इज्जतीची विहीर. ग्रुपवर तर फुलं बंद होऊन फक्त विहीरच आली. मीही लांबलचक लिहिलं.

अश्वजित बायनाबाईकडं आला. मी ओट्यावरच होतो.

“आजी, तू हो म्हटलं त लोकं ऐकतीन,” तो म्हणाला. “पोरायले बसाले जागा नाई. तुले मालूम आहे.”

“मालूम आहे.”

“मंग?”

“मंग काय! ते विहीर नसती त तुले इथी कोणी नगरसेवक म्हटलं नसतं,” बायनाबाई कडाडली. “तू पाणी न पिताच निवडून आला, माह्यीच चूक झाली ते. उद्या सकाळी ये विहिरीवर. मोहल्ल्याले बलाव. पाणी पी सगळ्यायसमोर, अन् पेल्यावर सांग, विहीर बुजवतो म्हणून. मंग पाह्यतो मी, तुह्या तोंडातून कसं निघते ते.”

अश्वजित हो म्हणून गेला. मला वाटलं, पोरगं हरलं. खरं सांगतो, आनंदच झाला मला.

सकाळी सगळा मोहल्ला जमला. बायनाबाई पांढरं लुगडं नेसून, काठी टेकत आली. हातात घासून लख्ख केलेला लोटा होता. तिनं विहिरीच्या कठड्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “आणा दोर-बालटी.”

 सगळे एकमेकांकडं पाहू लागले. रहाट कधीच मोडला होता. मागच्या निवडणुकीपर्यंत पाणी शेंदायचा दोर कोणाकडं असायचा, यावर कुजबुज सुरू झाली. मग एकेक जण घरी जाऊन आला. कोणी प्लास्टिकची बादली आणली, कोणी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आणली, ती अर्ध्यातही पोचेना. एकानं मोटर लावू म्हटलं, त्याच्याकडं तिनं असं बघितलं की तो मागं सरकला. शेवटी पलीकडच्या घरातल्या दसरूच्या बायकोनं सांगितलं, तो दोर त्यांच्याकडंच होता, निवडणूक झाल्यावर त्यांनी तो बकरी बांधायला काढला आणि तो सडला. सगळी घरं झाली. सगळ्या मोहल्ल्यात पाण्यापर्यंत पोचेल असा एक दोर निघाला नाही.

“थांबा,” बायनाबाई म्हणाली. “माह्याकडं आहे.”

ती आपल्या घरात गेली. आम्ही वाट पाहत राहिलो. आतून डबे सरकवल्याचा, पेटी उघडल्याचा आवाज येत राहिला. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात काहीच नव्हतं.

“माह्याही घरी नाई,” ती म्हणाली.

एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण हे शब्द पुढं उभ्या असलेल्यांनाच ऐकू गेले. ती विहिरीशी आली आणि वाकून आत पाहू लागली. मीही पाहिलं. पाणी होतं. त्यावर तंबाखू-सुपारीच्या खर्‍याच्या पन्न्या, रिकाम्या बाटल्या आणि हिरवा थर होता. निवडणुकीच्या वेळी हे बाजूला सारून आम्ही लोटाभर पाणी काढायचो आणि दुसऱ्याला प्यायला द्यायचो. आमच्यातला एकही जण ते पीत नव्हता. मला त्या क्षणी माझीच अतोनात लाज वाटली, आणि ग्रुपवर लिहिलेलं सगळं आठवलं.

अश्वजित तिच्याजवळ गेला. “आजी, राहू दे. मी दुसरी जागा पाह्यतो.”

“नाई,” ती म्हणाली. “बूज.”

“आजी...”

“बूज म्हटलं ना. पोरायले बसाले जागा पाह्यजे. हे विहीर आम्हीच कधीची सोडली, तुह्यावर काऊन नाव ठेवू?”

बोलता बोलता तिला रडू फुटलं. तिनं ते लपवलं नाही, पदरही लावला नाही. रामाजी वारला तेव्हा मी तिला असं रडताना पाहिलं होतं, त्यानंतर आज. बाया पुढं झाल्या, तिनं हातानं त्यांना थांबवलं. मग तिनं अश्वजितचा दंड धरला.

“एक सांग, बाबू. बाकीची नेते मंडळी येतीनच मत मागाले. हात जोडतीन, पाया पडतीन, बुद्धवंदनाही म्हणून दाखवतीन. आमी त्यायच्या तोंडाकडं पाहून वळखत होतो. आता तुम्ही कायच्यावरून वळखान?”

अश्वजित शिकलेला पोरगा आहे, सभेत चांगला बोलतो. तो वाकून विहिरीत पाहू लागला. बायनाबाई त्याचा दंड धरून उत्तराची वाट पाहत होती. तिथं आम्ही सगळेच होतो, म्हातारे, पोरं, बाया, आणि एकेक करून आम्हीही विहिरीत वाकून पाहू लागलो.