सूप पाजणारी मेम

हसू नका असं म्हणणार नाही, कारण हसालच. पण आधी तो चहाचा कप खाली ठेवा, उगाच ठसका लागायचा. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं मी. कधी कोणापुढं मान खाली घातली नाही. अन् रिटायर झाल्यावर, भर विजय नगरात, साठ माणसांपुढं मी जी माती खाल्ली नं... ऐकाच.

आमच्या मंडळातल्या दाणीकाका-काकूंच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. रविवारी दुपारी हॉलमध्ये सत्कार, मग जेवण. मधल्या वेळात करायचं काय? कोणी म्हणे अंताक्षरी, कोणी म्हणे हाऊजी. मी उठले नि म्हणाले, "काहून दरवेळी तेच तेच? मी एक जुना इंग्रजी पिक्चर दाखवते. ब्लॅक अँड व्हाइट. पतिसेवेचा! असा पिक्चर तुम्ही जन्मात पाहिला नसेल."

हे शेवटचं वाक्य मात्र खरं ठरलं.

आता हा पिक्चर मला कुठून ठाऊक? माझे बाबा इथल्याच डिफेन्सच्या फॅक्टरीत होते. क्वार्टर्सजवळ क्लब होता. गोरे साहेब केव्हाचे निघून गेले होते, पण इंग्रजी सिनेमांचा नाद मागं ठेवून गेले होते. दर शनिवारी संध्याकाळी पांढरा पडदा लागायचा. मी असेन सात-आठ वर्षांची. बाबांना टेकून बसायची. मान वर केली की प्रोजेक्टरचा उजेड डोक्यावरून वाहत जाताना दिसायचा, अन् सिगारेटींचा धूर त्यात संथ पोहत राहायचा. पडद्यावर त्या चंदेरी बाया! केस असे लहरायचे की वाटायचं, यांच्या घरी वारासुद्धा पाळलेला आहे. बोलत काय, ते ओ की ठो कळायचं नाही. मग बाबा वाकून कानात मराठीत सांगायचे. त्यांचा खरखरीत गाल, कपड्यांना फॅक्टरीच्या साबणाचा वास... खरं सांगू? ते पिक्चर मी पाहिलेच नाहीत. ऐकले.

त्यातला सूपवाला माझा सगळ्यात लाडका. मोठा बंगला, नवरा आजारी. बायको रोज स्वतः सूप करते, जिना चढून वर नेते, चमच्या-चमच्यानं पाजते. मदतीला तिचा मामेभाऊ, हॅटवाला. नवरा काही वाचत नाही बिचारा. पण तिची सेवा पाहून सरकार तिचा सत्कार करतं. बाबांनी असं सांगितलं होतं की मी मुसमुसून रडले होते.

अन् गेल्या महिन्यात मोबाईलवर चाळता चाळता तोच जिना! तीच बाई, हातात तोच वाडगा. अंगावर काटा आला हो. दोन मिनिटं पाहिलं नि बंद केलं. म्हटलं, एकटीनं काय बघायचं, सगळे मिळून बघू.

तिथंच चुकलं. आधी पुरता बघितला असता, तर आज मान वर करून भाजी आणायला गेले असते!

रविवारी हॉलचे पडदे ओढले, बाहेरचं ऊन पुसून गेलं. पुढच्या सोफ्यावर काका-काकू, हार घातलेले. समोरच्या मोठ्या टीव्हीवर पिक्चर सुरू झाला, खाली हिंदी अक्षरं येऊ लागली.

"ती बंद करा," मी म्हटलं. "मी सांगते नं."

अन् तो रुपेरी उजेड सगळ्यांच्या तोंडावर पडला. घमापुरहून आलेल्या जोशीकाकूंच्या सुरकुत्यासुद्धा चांदीच्या दिसून राहिल्या होत्या. मी तर तिथं नव्हतेच. मी क्लबात होते, आठ वर्षांची. फक्त या वेळी बाबांच्या जागी मी सांगत होते.

"बघा, घरात तीन नोकर, पण सूप स्वतःच्याच हातानं!"

"कित्ती गुणाची!" बायका हळहळल्या.

मेमनं ब्लाउजमधून छोटी बाटली काढली, सूपमध्ये चार थेंब टाकले.

"टॉनिक," मी सांगितलं.

मागून खेरसाहेब खाकरले. रेल्वेतले मोठे अधिकारी होते ते, इंग्रजी चांगलं. "मंदाताई, माफ करा, पण ती जरा वेगळंच बोलतेय."

"थांबा नं खेरसाहेब! मला पूर्ण गोष्ट पाठ आहे."

तेवढ्यात हॅटवाला आला. "हा तिचा मामेभाऊ," मी म्हटलं. "फार आधार याचा."

मामेभावानं हॅट काढली, बहिणीला जवळ ओढलं, अन् असा मुका घेतला की दाणीकाकूंनी पदर डोळ्यांवर घेतला.

"अगोबाई! भाऊ नं तो?"

मला आठवलं, इथंच बाबांचा तळहात माझ्या डोळ्यांवर यायचा. पण आता माघार कशी घेणार? "त्यांच्यात अशीच पद्धत आहे," मी म्हटलं. "नमस्काराऐवजी."

"इतका वेळ?" जोशीकाकू म्हणाल्या.

आता दैव बघा. नेमकं याच वेळी जेवणाआधीचं टोमॅटो सूप फिरायला लागलं. दाणीकाकूंनी कौतुकानं वाडगा घेतला नि चमचा काकांच्या तोंडाशी नेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिकडं पडद्यावरच्या नवऱ्यानं एक घोट घेतला, गळा धरला, अन् धाडकन जिन्यावरून खाली!

काकांचं तोंड उघडं ते उघडंच. चमचा हवेत.

"आजार वाढला," मी घाईघाईनं म्हटलं. "पण आता बघा, सरकारी लोक आले सत्काराला."

"हातात काय घातलं तिच्या?" कोणीतरी विचारलं.

"बांगड्या."

"दोन्ही हातांत मिळून एकच जोड? साखळीवाला?"

तेव्हा खेरसाहेब उठले. रिमोट घेतला, बटण दाबलं. मेमच्या सुंदर, ओलसर डोळ्यांखाली हिंदी अक्षरं उमटली: "हाँ, ज़हर मैंने ही दिया था।"

साठ माणसांनी एका दमात वाचलं.

काकांनी हळूच काकूंकडं पाहिलं. काकू म्हणाल्या, "प्या मुकाट्यानं. द्यायचंच असतं तर पन्नास वर्षं थांबले असते का?"

मग जो हशा उठला! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "चूक माझी नाही!" मी ओरडले. "आमच्या बाबांना इंग्रजी येत नव्हतं, त्यांनीच मला खोटं सांगितलं. थांबा, साक्ष काढते!" अन् सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर लावून मी नागपूरला शीलाताईला फोन केला. माझी मोठी बहीण. क्लबात बाबांच्या पलीकडच्या बाजूला तीच बसायची.

"ताई, तो सूपवाला पिक्चर आठवतो?"

"नवऱ्याला विष घालते तो नं? आठवतो की."

"तुला कसं माहीत?"

"बाबांनी सांगितलं होतं. त्यांचं इंग्रजी फर्स्टक्लास होतं गं! ऑफिसची सगळी पत्रं तेच लिहायचे."

एकच पडदा, एकच मेम, अन् मध्ये बसलेले बाबा. इकडं वाकून एक गोष्ट, तिकडं वाकून दुसरी. एका संध्याकाळी दोन-दोन पिक्चर चालवत होते ते, अन् कुठं सांधा दिसू दिला नाही.

"मग ताई, मलाच काहून वेगळी गोष्ट सांगितली?"

"काहून म्हणजे? खुनाबिनाचं ऐकलं की तू गादी ओली करायचीस, मंदे! चांगली चौथीत जाईपर्यंत! शेवटी आईनं त्यांना बजावलं, पिक्चर कोणताही दाखवा, पण हिला गोष्ट कोरडीच सांगा." ताईनं कानोसा घेतला. "अगं, पण मागं एवढं कोण हसून राहिलं?"