टायर कुठलाबी असो, हवा तीच

पैसा वाचवण्यात आमच्या पंक्चरवाल्या चाचांचा हात धरणारा माणूस अख्ख्या पुणे-सातारा रस्त्यावर अजून जन्मलेला नाही. चाचा म्हणजे आमच्या आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, शाळेपासूनचे दोस्त, नसरापूर फाट्यावर पंक्चरचं दुकान. हा माणूस हवा विकतो, म्हणजे जी सगळ्यांना फुकट मिळते ती, आणि स्वतः मात्र शक्यतो काहीच विकत घेत नाही. कंबरेचा पट्टा जुन्या ट्यूबचा, खुर्चीची बैठक ट्यूबची, चष्म्याची दोरीसुद्धा ट्यूबची. पेपर वाचायचा तो भज्यांच्या कागदावर, त्यामुळे बातमी नेहमी अर्धीच कळायची आणि उरलेली अर्धी आबांना विचारायची. "सदा, त्या मंत्र्याचं फुडं काय झालं रं? माज्याकडं तितं तेल लागलंय."

तर एकदा दोघांनी जोडीनं भोरला जाऊन रक्त तपासलं (एकटं जायला दोघंही घाबरत होते) आणि दोघांचंही कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी दोघांना एकच गोळी लिहून दिली, रोज जेवल्यावर एक, कायमची. मेडिकलमध्ये किंमत ऐकून चाचा पायरीवरच बसले. मग उठून परत डॉक्टरांकडं गेले आणि हेच औषध स्वस्तात कुठल्या नावानं मिळतं ते विचारून, लिहूनच घेऊन आले. एका पाकिटाच्या पैशात चार पाकिटं.

आणि इथं माझी एंट्री. मी तेव्हा डी. फार्मला होते, कॉलेज सुरू होऊन दीड महिना झाला होता, म्हणजे मला औषधातलं सगळं कळत होतं. आबाही स्वस्तातली गोळी घ्यायला निघाले होते, त्यांना मी थांबवलं आणि चाचांच्या दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर अर्धा तास भाषण दिलं, क्वालिटी वगैरे. चाचा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होते.

"डागदरीणबाई, टायर कुठल्याबी कंपनीचा असूद्या, आत हवा तीच भरतो म्या."

"चाचा, हवा वेगळी, औषध वेगळं."

"व्हय. हवंची परीक्षा नसती."

(मी त्या वर्षी नापास झाले.)

तीन महिन्यांनी परत रक्त तपासलं. चाचांचं कोलेस्टेरॉल उतरलेलं, आबांचं जिथल्या तिथं. चाचांच्या दुकानात बसून मी लगेच शोध लावला की चाचांचा रिपोर्ट चुकलाय. चाचांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"सदा, पाकीट काढ."

आबांनी खिशातून पाकीट काढलं. टायरची घासण बघावी तसं चाचांनी ते उलटसुलट करून बघितलं.

"धा गोळ्यांचं पाकीट. आपन संगंच आणलं, पंधरा दिस झाले. माजं संपून दुसरं चालू हाय, आन् तुज्यात अजून तीन? गाडी रोज पळती म्हंतोस, मग टायर नवा कसा?"

आबांनी पाकीट परत घेऊन खिशात टाकलं. मग म्हणाले, "एक दिसाआड घेतोय. पोरगी म्हनली भारीचीच पायजे. तिची फी बी भरायची हाय."

मी बादलीतले बुडबुडे बघत राहिले. बादलीत ट्यूब नव्हती.

त्या दिवसापासून आबा चाचांचीच गोळी घेतात, रोज. पुढं रस्ता रुंद झाला, दुकान गेलं, चाचा भोरला मुलीकडं राहायला गेले. पण जेवणं झाली की त्यांचा मिस्ड कॉल येतो, म्हणजे गोळी घे. आबा उलटा मिस्ड कॉल देतात, म्हणजे घेतली. खर्च शून्य.

परवा आबा टीव्हीसमोरच झोपी गेले आणि उलटा मिस्ड कॉल द्यायचा राहिला. थोड्या वेळानं मोबाईल वाजला, आणि वाजतच राहिला. मी उचलला.

"चाचा, उचलला मी. पैसे पडतायत तुमचे."

"पडूद्या. सदा कुठंय?"

"झोपलेत. गोळी घेतलीय, मी बघितलंय."

"बरं," चाचा म्हणाले. आबा घोरत होते, तो आवाज बहुतेक भोरपर्यंत जात असावा. मिनिट उलटून गेलं तरी चाचांनी फोन ठेवला नव्हता.