खून केली

फागू पट्टेवाल्याला कचेरीचं वेड होतं. त्याची बायको हौशी म्हणायची, "तुजी कचेरी माजी सवत हाय." हा गडी नुसता हसायचा. आता लपवायचं काय त्यात? जव्हारच्या त्या कचेरीत मोखाड्याकडचा माणूस उभा राहिला, की साहेबांना त्याचं बोलणं उमगायचं नाही आणि त्याला साहेबांचं. मधे फागू. डोंगरातल्या माणसाचं म्हणणं आपल्या तोंडून साहेबांच्या कानी जातं, याचा त्याला केवढा अभिमान! बढती नाही मिळाली, तरी त्याला फिकीर नव्हती.

नवे साहेब मात्र कडक निघाले. भर कचेरीत त्यांनी त्याला झापलं. "पदरचं काही घालू नकोस. तो म्हणेल तोच शब्द सांग. पुन्हा शहाणपणा केलास तर घरी बसशील." घरी बसायचं? फागूला त्या रात्री झोप लागली नाही.

आणि नेमका तेव्हाच ढवळूचा खटला आला. सूर्यमाळचे ढवळू आणि लक्ष्या रानात मध काढायला गेले होते, आणि लक्ष्या कड्याखाली मेलेला सापडला. काय झालं ते सांग म्हटल्यावर ढवळू म्हणाला, "लक्ष्याचा न माजा पोळ्यावरून भांडान झाला. मंग मी कोयता घेतला न खून केली." फागूनं धाकापोटी शब्दाला शब्द सांगितला. कारकुनानं उतरवून घेतला, आणि मग जबानी मोठ्यानं वाचून दाखवली.

"...कोयता घेऊन मी खून केला."

केला? ढवळू तर 'केली' म्हणाला होता! अहो, डोंगरात कुणाच्या जिभेला 'ण' वळतो? पाणी ते पानी, कोण तो कोन, आणि खूण ती खून. पोळं दिसलं की झाडाच्या बुंध्यावर कोयत्याचा घाव घालून खूण करायची, म्हणजे दुसरा कुणी त्याला हात लावत नाही. फागूच्या बापानंही जन्मभर हेच केलं होतं. कारकुनाला वाटलं, या लोकांना केला-केली काय कळतंय? त्यानं बिचाऱ्यानं व्याकरण सुधारून दिलं.

ढवळूच्या अंगठ्याला शाई लावून झाली होती. तो कागदावर वाकला. हा अंगठा उठला, की माणूस फासावर गेलाच म्हणून समजा. बोलावं, तर सांगताना आपणच चुकलो हे कबूल करावं लागणार, आणि चुकणारा दुभाष्या कोण ठेवणार?

त्यानं पुढे होऊन ढवळूचं मनगट धरलं.

"फागू!" साहेब ओरडले.

"साहेब, थांबा. चूक माझी आहे." मग ढवळूकडे वळून त्यानं घरच्या बोलीत विचारलं, "कशाची खून केली रं?"

"पोळ्याची," ढवळू बावचळून म्हणाला. "झाडाला. दुसरा कोन काढील म्हून." आणि बुंध्यावर कसे घाव घातले ते त्यानं हवेत हात मारून दाखवलं. "लक्ष्या तं रागानं पुढं निंगून गेला ना."

साहेबांनी कागद बाजूला सारला आणि झाड बघायला माणूस धाडायचा हुकूम दिला. मग ते फागूकडे बघत राहिले. आता घरी जा म्हणतील, म्हणून फागूनं मान खाली घातली.

"बरं झालं बोललास," साहेब म्हणाले. "जा, पुढचा माणूस बोलाव."

नोकरी राहिली होती! पण फागूचा पाय उचलेना. पोशेऱ्याचा देवराम आठवला. गेल्या साली त्याला तुरुंगात नेलं, तेव्हा तो दारापर्यंत ओरडत गेला होता, "मी आसा नाय बोललो, आसा नाय बोललो!" आणि सगळेच ओरडतात, म्हणून फागूनं दार लावून घेतलं होतं.

"साहेब," फागू म्हणाला, "पुढचा नको. आधी तुरुंगातल्या देवरामाला बोलवा. त्याचंही मीच सांगितलं होतं."