सदैव प्रयत्नशील

संजीव खानझोडे खुर्चीवर नीट बसलेला मी दोन वर्षांत पाहिला नव्हता. तो टेकायचा. एक पाय कायम उठायच्या तयारीत. डिट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावात आमची घरं समोरासमोर होती. सकाळी चहाचा कप घेऊन मी खिडकीशी उभी राहिले की हा माणूस गराजमध्ये काहीतरी इकडचं तिकडे करत असे. बर्फाची फावडी उजव्या भिंतीवरून डाव्या भिंतीवर, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा उजव्या. त्याची बायको कांचन म्हणायची, "याला झोपेतपण कुठंतरी जायचंच असते." मूळचा नागपूरचा, वय सत्तेचाळीस. काम काय, तर गाडीच्या सीटखालचे रूळ तपासायचे. सीट पुढे सरकवायची, मागे सरकवायची, हजारो वेळा, आणि कुठे अडकते ते बघायचं. स्वभावाला इतकं शोभणारं काम फार थोड्यांना मिळतं.

माझं नाव वसुधा. मी पुण्याची, हे सांगावं लागत नाही, दोन वाक्यांत लोकांना कळतं. पंधरा वर्षं मी पुण्यात जर्मन कागदपत्रांचे अनुवाद करायचे. मग नवऱ्याची, नरेंद्रची, बदली इथे झाली आणि मी डिट्रॉइटच्या थंडीत घरी बसून तेच काम करू लागले.

खानझोड्यांच्या तळघरात एक फ्रेम आहे हे सगळ्या मराठी मंडळींना ठाऊक होतं. पुरुष क्रिकेट बघायला खाली जात, आम्ही बायका वर स्वयंपाकघरात, त्यामुळे मी ती कधी पाहिली नव्हती. पण ऐकलं मात्र शंभरदा होतं. वीस वर्षांपूर्वी संजीव दीड वर्ष जर्मनीत होता, श्टुटगार्टजवळच्या एका लहानशा कारखान्यात. तिथून निघताना साहेबाने, हेर केलरने, लेखी प्रमाणपत्र दिलं होतं. "सदैव प्रयत्नशील! जर्मन माणसानं लिहून दिलंय बाप्पा, जर्मन माणसानं!" असं तो गुलाबजाम वाढतावाढता सांगे. त्याची मुलगी आन्या, इथेच जन्मलेली, अकरावीतली. तिचे गणितात मार्क कमी आले की तिलाही हेच ऐकवायचं. ती डोळे फिरवून म्हणायची, "Dad, oh my God, literally sit down." मीसुद्धा त्याची टिंगल करायचे. म्हणायचे, "संजीव, हे वाक्य नगरपालिकेच्या मुतारीवर लिहितात रे, स्वच्छतेसाठी सदैव प्रयत्नशील."

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्याची नोकरी गेली. त्याच्याबरोबर आणखी चाळीस जणांची गेली, पण त्यांतले बहुतेक इथले नागरिक होते. संजीव वर्क व्हिसावर होता. ग्रीन कार्डाच्या रांगेत बारा वर्षं उभा, आणि रांग हलण्याचं चिन्ह नाही. नोकरी गेली की साठ दिवस. तेवढ्यात दुसरी मिळवा, नाहीतर देश सोडा. कांचनने फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने साठावा दिवस गोल केला आणि डाळींचे डबे मोजायला लागली, कुठली संपवायची आणि कुठली कुणाला द्यायची.

संजीव आता गराजमध्येही मावेना. कॉलनीतल्या तळ्याभोवती सकाळी चार फेऱ्या, दुपारी चार. तळ्यावरची ती गलेलठ्ठ बदकं आधी त्याच्यावर फिस्कारायची, दुसऱ्या आठवड्यात त्यांनीही नाद सोडला. मिशिगनमध्ये कुणीच भरती करत नव्हतं. एका सकाळी तो माझ्या दारात उभा, आत यायलाही तयार नाही.

"ताई, मी जर्मनीला अप्लाय करून राहिलो."

"नागपूरला का नाही जात?"

"सत्तेचाळीसाव्या वर्षी कोण घेते मला तिथं? जर्मनीत माझी ओळख आहे. अमेरिकेनं बारा वर्षं लाइनीत उभं केलं. त्यांनी दीड वर्षात लिहून दिलं. सीव्ही तुम्ही एकदा चेक करून द्या, प्लीज. सर्टिफिकेट पण स्कॅन करून पाठवतो."

मंगळवारी त्याचा मेल आला. सीव्ही ठीक होता. मग मी प्रमाणपत्र उघडलं आणि ते जगप्रसिद्ध वाक्य पहिल्यांदा मूळ भाषेत वाचलं. 'श्टेट्स बेम्यूट.' सोपवलेली कामं समाधानकारकपणे पार पाडण्यासाठी श्री. खानझोडे सदैव प्रयत्नशील होते.

मी ती ओळ पुन्हा वाचली.

आता हे समजावून सांगावं लागेल. आपल्याकडे मुलगी बघून गेल्यावर मुलाकडचे कळवतात, "पत्रिका जुळत नाही." त्यात पत्रिकेचा काही संबंध नसतो हे दोन्ही घरांना माहीत असतं. जर्मन प्रमाणपत्रांचं तसंच आहे. कायद्याने वाईट लिहायची सोय नाही, म्हणून सगळं गोडच लिहायचं, पण कुठला गोड शब्द वापरला त्यावरून वाचणाऱ्याने ओळखायचं. 'आमचं संपूर्ण समाधान केलं' म्हणजे माणूस चांगला. 'सदैव प्रयत्नशील होते' म्हणजे बिचाऱ्याने धडपड केली, जमलं काहीच नाही. खाली आणखी एक ओळ होती, मिळूनमिसळून वागण्यामुळे ते सहकाऱ्यांत प्रिय होते. म्हणजे गप्पा फार मारायचे. चिवड्याची पिशवी घेऊन हा टेबलाटेबलाशी फिरत असणार, माझ्या डोळ्यांसमोर उभंच राहिलं.

नापासाचा निकाल या माणसाने वीस वर्षं काचेत लावून ठेवला होता.

खात्री करावी म्हणून मी तो कागद छापून घेतला आणि लाल पेन्सिलीने त्या ओळीखाली रेघ मारली. जुनी सवय. मग तो टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसले. सांगायचं कसं? नोकरी गेलेल्या माणसाला सांगायचं की तुझ्याकडे होती ती एक शाबासकीही शाबासकी नव्हती? दुसऱ्यांना तोंडावर बोलण्यात माझा हात कुणी धरत नाही. तुझं भरीत तिखट झालंय, तुझा मुलगा लाडावलाय, हे मी सहज बोलते. पण हे बोलायचं मी पुढे ढकललं.

बुधवारी तो तर्री-पोह्यांचा डबा घेऊन आला. टेबलावर कागद तसाच होता. मी घाईघाईने डबा त्याच्या हातातून घेतला आणि कागदावर ठेवून दिला.

"वाचलं का ताई?"

"नाही रे, वेळच झाला नाही. बघते."

गुरुवारी मी त्याचा फोन घेतला नाही. शुक्रवारी तो रस्त्यातच भेटला, तळ्याकडे निघालेला. "ताई, ती मोठी कंपनी होती ना, श्टुटगार्टची, मला पाहिजे होती ती? तिची आज लास्ट डेट होती. पाठवून दिलं सगळं. तुम्ही काही बोलल्या नाही, म्हटलं म्हणजे ठीकच असेल." तो आनंदात होता. त्या आठवड्यात पहिल्यांदाच. मी घरी आले आणि नरेंद्रवर विनाकारण ओरडले.

शनिवारी त्याला बोलावून सांगितलं. पत्रिकेच्या उदाहरणासकट सांगितलं. आणि वर सांगितलं, "आज सकाळीच मेल उघडला रे मी." हे का बोलले, मला अजून लाज वाटते.

संजीव खुर्चीवर बसला. पूर्ण पाठ टेकवून. दोन्ही पाय जमिनीवर. मला त्याच्याकडे बघवेना.

तो म्हणाला, "पण निघताना केलरसाहेब मला स्टेशनवर सोडायला आले होते. स्वतः गाडी घेऊन. बॅग उचलली माझी."

"चांगला माणूस असेल," मी म्हटलं.

"हो. म्हणूनच तर तोंडावर नाही बोलले." मग म्हणाला, "खरं सांगू का ताई, मला तिथं अर्धं कळायचंच नाही. विचारायची लाज वाटायची. जो जे बोलेल त्याला मी या, या म्हणायचो, म्हणजे हो, हो. पाहुण्याला म्हणतात तसं. एकदा रुळांचा अख्खा सेट उलटा बसवला मी. तीन दिवस मशीन चाललं, मग त्यांच्या लक्षात आलं. कोणी रागावलं नाही. मला वाटलं, मोठ्या मनाचे लोक आहेत."

सोमवारी त्या मोठ्या कंपनीचा नकार आला. आठवडाभरात आणखी चार आले, सगळे अतिशय सभ्य भाषेत. आता ते वाचता येत होते, एवढाच फरक. संजीव एकेक मला दाखवायला आणी आणि विचारी, "याच्यात पत्रिका कुठं आहे?" हसायचा, पण पाय हलत असायचा. कांचनने मला बाजूला घेऊन विचारलं, "तुम्ही काय सांगितलं याला? रात्री तळघरात जाऊन फ्रेम वाचतो." मी सांगितलं. तिने थोडा वेळ ओटा पुसला आणि म्हणाली, "बरं केलं. उशीर झाला, पण बरं केलं." कांचनला काय किती माहीत होतं, मला कळलं नाही.

चव्वेचाळिसाव्या दिवशी जर्मनीतल्याच एका छोट्या कंपनीने मुलाखतीला बोलावलं. व्हिडिओवर, आपली सकाळ आठ, त्यांची दुपार दोन. प्रमाणपत्र पाठवायचं त्याने आता सोडून दिलं होतं, त्यामुळे सीव्हीत दीड वर्षाचा उल्लेख होता आणि कागद नव्हता. ते विचारणार हे नक्की.

"म्हणायचं, हरवलं," मी सुचवलं. "वीस वर्षं झाली. कोण शोधायला जातंय?"

तो उठून तळ्याकडे निघाला. एखादा शब्द अडला तर लिहून दाखवायला म्हणून मुलाखतीच्या वेळी त्याने मला तळघरात समोर बसवलं. पडद्यावर पन्नाशीच्या एक बाई होत्या, फ्राऊ रीगर. संजीवचा पाय इतका हलत होता की लॅपटॉप थरथरायला लागला. मी दोन्ही हातांनी टेबल दाबून धरलं. कामाचे प्रश्न झाले, ते त्याला तोंडपाठ. मग त्यांनी चष्मा वर केला. तुम्ही आधी जर्मनीत काम केलं आहे. त्याचं प्रमाणपत्र दिसत नाही?

मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'हरवलं.'

संजीव उठला. भिंतीवरची फ्रेम काढली, कॅमेऱ्यापुढे धरली आणि ती ओळ आपल्या नागपुरी उच्चारात वाचून दाखवली. श्टेट्स बेम्यूट. बाईंच्या तोंडावरचं हसू जागच्या जागी राहिलं.

"तुम्हाला याचा अर्थ माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"आता आहे," तो मोडक्या जर्मनमध्ये म्हणाला. "वीस वर्षं नव्हता. मला वाटायचं, कौतुक आहे. भिंतीवर लावलं होतं. गेल्या महिन्यात कळलं. ते खरं लिहिलंय. मी तेव्हा प्रश्न विचारत नव्हतो."

"आणि आता?"

"आता एक विचारतो. तुमच्याकडे माझं काही चुकलं, तर तुम्ही मला तोंडावर सांगाल का? त्याच दिवशी?"

माझे हात टेबलावर होते, ते मी काढून मांडीवर घेतले. फ्राऊ रीगरनी चष्मा खाली घेतला. मग म्हणाल्या, "सांगेन. कदाचित तुम्हाला आवडणार नाही इतकं."

"मग मला चालेल," संजीव म्हणाला.

बावन्नाव्या दिवशी पत्र आलं. मी ते तीनदा वाचलं, प्रत्येक शब्द उलटा करून पाहिला. पत्रिका जुळली होती. पहिले सहा महिने चाचणीचे, कुणीही कुणालाही सोडू शकतं. म्हणजे पुन्हा टांगती तलवारच. आन्याने दोन दिवस स्वतःला खोलीत कोंडून घेतलं. शेवटचं वर्ष मैत्रिणींसोबत करायचं तिचं राहून गेलं. तिसऱ्या दिवशी ती बाहेर आली आणि माझ्याकडे येऊन म्हणाली, "मावशी, teach me the swear words first." मी शिकवले.

अठ्ठावन्नाव्या दिवशी ते निघाले. आधी नागपूर, तिथे व्हिसा, मग पुढे. नरेंद्र त्यांना विमानतळावर सोडणार होता. मोकळ्या गराजमध्ये संजीव फिरत होता, हलवायला काही उरलं नव्हतं तरी. खांद्यावरच्या पिशवीतून फ्रेमचा कोपरा डोकावत होता.

"अजून नेतोस ते?" मी विचारलं.

"नेऊन राहिलो. सहा महिने झाले की लेखी मागणार आहे मी त्यांना. कसंही लिहोत. दोन्ही कागद शेजारी लावीन." गाडीचं दार उघडून तो थांबला. "ताई, नवा कागद आला की फोटो पाठवतो तुम्हाला. वाचून लगेच सांगजा."

"लगेच सांगेन," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. आत बसला, पट्टा लावला, आणि काच खाली केली.

"त्या बुधवारी डब्याखालचा कागद दिसला होता मला," तो म्हणाला. "ओळीखाली लाल रेघ मारलेली. मला वाटलं, तुम्हाला आवडली म्हणून मारली."