ब्रीदरमधला बोळा
जळक्या ऑइलचा वास आला की गोरेगावहून हिंगोलीला परीक्षेला नेणारी ती जीप आठवते. इंजिनाचा धूर आत येतो म्हणून बायका ओरडल्या, तेव्हा तुंबलेला वॉल्व्ह साफ करायचा सोडून ड्रायव्हरने इंजिनातला धूर बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीत चिंधीचा बोळा कोंबला. मी भीत भीत म्हणालो, "मामा, धूर इंजिनात कोंडला तर सील फुटून ऑइल सांडंल." "कालेजात जाऊन इंजिनाचा डाक्टर झाला व्हय रे?" ड्रायव्हर म्हणाला आणि सगळे हसले. सेनगावच्या अलीकडे ऑइल खरंच रस्त्यावर सांडलं, इंजिन जाम झालं. "ह्या पोराची जीभच काळी!" एक म्हातारी म्हणाली. मागून दुसरी जीप आली. ड्रायव्हरने सगळ्यांना तिच्यात बसवलं आणि चढणाऱ्या मला दंडाला धरून खाली ओढलं. पेपर बुडाला. घरी सगळं सांगितलं, तर आई एवढंच म्हणाली, "काहून बोललास रे?" आजही वर्गात हात वर करताना तिचा तो आवाज ऐकू येतो.